मधली सात चित्रं

६ जानेवारी

आजपासून वही. गावच्या शाळेतले आमचे गुरुजी म्हणायचे, राग आला की लिहून काढावा. इतकी वर्षं तशी वेळ आली नाही. आता कामावर ओरडायची सोय नाही, आणि घरी ज्या दोघींशी बोलायचं त्या एकमेकींशी बोलत नाहीत. तेव्हा वहीच बरी.

आमच्या स्टुडिओत नवा कार्टूनपट सुरू झाला. हाताने काढलेल्या चित्रांचा. माझं काम सांगायला सोपं आहे. मुख्य चित्रकार हालचालीचं पहिलं चित्र काढतात आणि शेवटचं काढतात. माणूस बसलेला, माणूस उभा. मधली सगळी चित्रं माझी. खालून उजेड असलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवायचा आणि एकेक रेघ सरकवत न्यायची. बावीस वर्षं हेच करतोय, म्हणून सगळे मला ‘मधले काका’ म्हणतात. माझं चित्र कोणाच्या लक्षात राहत नाही, पण ते नसलं तर माणूस खुर्चीतून फटाक्यासारखा उडेल.

आज दिग्दर्शिकाबाईंनी भिंतीवर चित्रं लावून सगळी गोष्ट सांगितली. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. मी मनात त्यांना टोपीबाईच म्हणतो. गोष्ट आटपाट नगराची. आवडती राणी, नावडती राणी, पांढऱ्या घोड्यावरचा राजपुत्र, सात समुद्रांपलीकडे राक्षस, त्याचा जीव पोपटात. मला इतका आनंद झाला की मी पुढच्या रांगेत सरकून बसलो.

मग पुढचं कळलं. घोड्याला उंचीची भीती वाटते. राजकन्या शंभर वर्षांनी जागी होते, ‘अजून पाच मिनिटं’ म्हणते आणि कूस बदलते. पोपटाला सर्दी झाली तर आपण मरू म्हणून राक्षस त्याच्यासाठी गळपट्टा विणत बसतो. आवडती आणि नावडती दोघी राजाला कंटाळून बागेत पत्ते खेळतात. लोक हसून हसून टेबलं बडवत होते. मला हसू आलं नाही. लहानपणी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, या गोष्टी होत्या. चांगल्याचं चांगलं होतं आणि वाइटाला शिक्षा मिळते, हे मी आधी त्यांच्याकडून शिकलो, देवाकडे हात जोडायला नंतर. त्यांची ही अशी टर.

घरचंही लिहायला हवं. खारीची आई जाऊन चार वर्षं झाली. खार म्हणजे माझी लेक. लहानपणी दोन्ही हातांत धरून कुरतडत खायची म्हणून हे नाव. नऊ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात मी दुसरं लग्न केलं. ही शिवणकाम करते, लोकांचे कपडे लांब-आखूड करून देते. मोजकं बोलते. आठ महिने झाले, खारीने हिला अजून एका नावाने हाक मारलेली नाही. ‘त्या आल्यात.’ ‘त्यांनी पाणी भरलंय.’ जणू घरात पाहुणी आली आहे आणि जायचं नाव घेत नाही.

परवा माझी थोरली बहीण स्पष्टच म्हणाली, “मार्चअखेर शाळा संपली की पोर माझ्याकडे पाठव. माझ्याकडे हसेल तरी. अरे, सावत्र ते सावत्र. तू जगावेगळं काय करणार आहेस?”

मी म्हटलं, मार्चपर्यंत बघू. पण खार गेली तर संध्याकाळी या घराचा जिना मी कशासाठी चढायचा, ते मला सुचत नाही.

९ जानेवारी

राजपुत्र गडाच्या पायरीवरून चिखलात पडतो. मधली अकरा चित्रं. मी दोन दिवस घालवले. टोपीबाईंनी पेन्सिलच्या चित्रांची चाचणी पडद्यावर चालवली आणि थांबवली.

“काका, हा पडत नाहीये. हा उतरतोय.”

“राजपुत्र आहे तो.”

“म्हणून?”

“म्हणून जरा बेताने पडेल.”

“काका, तो धप्पकन तोंडावर पडतो. मधे विचार करायला त्याला वेळच मिळत नाही.”

आमचे मुख्य चित्रकार एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर ठेवतात, म्हणून त्यांना सगळे चष्मे म्हणतात. ते मागून म्हणाले, “मधले काका, तुमचा राजपुत्र पडता पडता देवाचं नाव घेतोय असं वाटतंय.”

पुन्हा काढला. पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी एकदाचा पडला. पण मी त्याचं तोंड मिटलेलं ठेवलं. तोंडात चिखल जायला नको. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

१८ जानेवारी

कामावर सगळी कटकट. आज घोड्याला पायऱ्यांवर डोळे मिटून चालवायचं होतं. त्याबद्दल लिहीत नाही.

एक चांगली गोष्ट लिहितो. सकाळी ही खारीसमोर दुधाचा पेला ठेवते. मी पहिला घोट घेतल्याशिवाय खार त्याला हात लावत नाही. “बाबा, आधी तुम्ही.” मी घोट घेतो. ती माझ्याकडे टक लावून बघते, जरा थांबते, आणि मग पिते. हे लग्न झाल्यापासूनचं आहे. आई गेलेली मुलं बापाला अशी जपतात. मला रोज भरून येतं.

आज ही म्हणाली, “दोन पेले भरत जाऊ का? तुम्हालाही पुरेसं मिळेल.”

मी म्हटलं, “राहू दे. बापलेकीचं आहे ते.”

हिने पुसलेला ओटा परत पुसला.

२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत टोपीबाई डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “काका, तुम्हाला माझा सिनेमा आवडत नाही ना?”

खोटं बोलवलं नाही. म्हटलं, “तुम्ही जे हसण्यावारी नेताय त्यावर मी मोठा झालोय. माझी मुलगीही.”

“तिला कोणती गोष्ट आवडायची?”

मग मी सांगितलं. तिची आई गेल्यावर ती जेवेना. समोर ताट ठेवून मी गोष्ट सांगायचो, एका घासाला एक वाक्य. सगळ्यांत लाडकी गोष्ट सावत्र आईची. राजा शिकारीला जातो. सावत्र आई गोड हसते, दुधात पूड कालवते. मुलगी वाचते. मग ती म्हणते, ये ग बाळ, वेणी घालते. आणि अंबाड्यातला सोन्याचा आकडा काढून पोरीच्या डोक्यात टोचते. पोरीचं पाखरू होतं आणि ते खिडकीतून उडून जातं. सावत्र आईचा आवाज मी नाकातून काढायचो, एक डोळा बारीक करून. माझ्याइतका तो कोणाला जमायचा नाही. टोपीबाईंना करूनही दाखवला. त्यांचा घास हातातच राहिला.

“आणि मुलगी काय म्हणायची?”

“म्हणायची, पुन्हा सांगा. माझा सदरा मुठीत घट्ट धरून बसायची, इतकी रमायची.”

“किती वर्षं सांगितलीत?”

“तीनेक वर्षं. लग्न ठरलं तेव्हा थांबलो. वेळच राहिला नाही.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “काका, हे मी सिनेमात घेऊ?”

मी म्हटलं, अवश्य घ्या. निदान एक तरी खरी गोष्ट आत जाईल. घरी येताना मन हलकं होतं. हिला सांगावंसं वाटलं, पण ही कोणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती. राहिलं.

१४ फेब्रुवारी

माझा प्रसंग आला! चष्म्यांनी दोन चित्रं दिली. पहिल्यात सावत्र आईचा हात वर, बोटांत आकडा, समोर छोटी मुलगी. नवव्यात तोच हात मुलीच्या डोक्यावर. मधली सात माझी. कोणत्या चित्राला किती वेळ द्यायचा आणि काय घडतं हे लिहिलेला कागद सोबत नव्हता. चष्मे म्हणाले, बाई उद्या देतील. मला कागद कशाला हवा? ही गोष्ट मी डोळे मिटून काढीन.

दिवसभर मान वर केली नाही. चौथ्या चित्रात आकडा चमकतो. पाचव्यात तिचा एक डोळा बारीक होतो. सहाव्यात टोक केसांत शिरतं. बऱ्याच वर्षांनी असं काम झालं. सकाळी हात जोडताना मागितलं होतं, आज हात चालू दे.

१७ फेब्रुवारी

चाचणी. सगळे बसले होते. पडद्यावर हात खाली आला, आकडा गेला, मुलगी ताठ झाली. मला वाटलं आता टाळ्या पडतील.

टोपीबाईंनी टोपी काढली. त्यांचे केस मी आज पहिल्यांदा पाहिले.

“काका, हे काय?”

“आकडा टोचला.”

“कोणी सांगितलं टोचायला?”

“सांगायला कशाला हवं? सावत्र आई आहे ती.”

चष्म्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर.

“काका,” त्या हळू म्हणाल्या, “पोरीच्या डोळ्यांवर केस येतायत. ती आपल्या अंबाड्यातला आकडा काढते आणि पोरीचे केस वर खोवून देते. बस्स. सगळा दरबार श्वास रोखून बसलाय. तुतारीवाल्याने तुतारी तोंडाला लावलीय. खिडकी उघडून ठेवलीय पाखरासाठी. आणि ती विचारते, ‘आता दिसतंय का नीट?’ हा विनोद आहे.”

“यात विनोद कसला?”

“हाच, की सगळ्यांना वाटतं ती टोचणार.”

“मलाही वाटलं.”

“वाटू दे की. वाटायलाच हवं. पण काढायचं नव्हतं.”

म्हणजे माझीच गोष्ट घेतली आणि तिचा कणा काढून टाकला. वाईट बाई वाईट वागत नसेल तर मुलांनी कोणापासून सावध राहायचं? हे मी बोललो नाही. म्हटलं, पुन्हा काढतो. कागद खणात टाकले. हातात दुसरं काम आहे असं सांगत राहणार आहे.

२५ फेब्रुवारी

खारीच्या केसांचा गुंता झालाय. मानेवर तर घरटंच. ती स्वतः वरवर फणी फिरवते. आज मी बसलो, पण मला रेघा ओढता येतात, केस ओढले की ती रडते. हिला म्हटलं, तू बघ ग.

हिने फणी उचलली मात्र, खार भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात डोक्यावर, घट्ट. ही जागची हलली नाही. मग फणी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन मशीन चालवायला लागली.

मी हिला म्हटलं, “जरा गोड बोलत जा तिच्याशी.” नंतर आठवलं, ही तर एक शब्दही बोलली नव्हती. मग राग कशाचा आला मला? तसाच राहिला.

७ मार्च

आजचं आजच लिहितो.

आज स्टुडिओतली वीज गेली, म्हणून दुपारीच घरी आलो. दार उघडंच होतं. खार स्टुलावर बसून हुंदके देत होती. खाली फरशीवर तिचे केस. ही मागे उभी, हातात कात्री. आणि कोणती? कापडाची! मला त्या कात्रीने साधा कागद कापू देत नाही, धार जाते म्हणते. आज तीच माझ्या पोरीच्या केसांवर.

आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. म्हणालो, गुंता सोडवायचा कंटाळा आला म्हणून कापून टाकलेस? आणि म्हणालो, तुझ्या पोटची असती तर हात धजावला असता का? ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच ऐकू आलं.

खार म्हणाली, “बाबा, ते—”

“तू गप्प. तुला आता घाबरायचं कारण नाही.”

हिने कात्री टेबलावर ठेवली. केर काढायचा झाडू आणला, केस गोळा केले. “बरं,” म्हणाली. एवढंच.

ताईला फोन केला. मार्चअखेरची वाट बघत नाही. येत्या शनिवारी येऊन घेऊन जा, परीक्षेपुरती मी आणीन तिला. ताई म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं?” म्हटलं, हो, म्हटलं होतंस.

८ मार्च

हात जोडून बसलो. मन लागलं नाही.

खारीचे केस मागून अगदी एका रेषेत आहेत, शिंप्याने कापड कापावं तसे. फक्त डाव्या कानाजवळ एक खड्डा आहे, चार बोटांचा, वेडावाकडा. तिथे काय झालं कोणास ठाऊक.

११ मार्च

टोपीबाईंनी खणातले कागद हुडकून माझ्या टेबलावर ठेवले. “काका, तुमच्या सात चित्रांसाठी दरबार महिनाभर श्वास रोखून बसलाय. मरेल हो तो. शनिवारी दुपारपर्यंत द्या.”

सुटका नाही. बसलो काढायला. पण हात काही केल्या येईना. टोचणारा हात मला येतो. खोवून देणारा कसा असतो? करंगळी कुठे असते? मनगट वळतं की नाही? चार कागद फाडले.

घरी ही सुईत दोरा ओवत होती. आम्ही बोलत नाही, पण बघायला कोणी मनाई केलेली नाही. ती सुई उजेडाकडे धरते, तिसरं बोट जरा बाजूला ठेवते, कारण त्याच्या टोकाला सुई टोचून टोचून घट्टा पडलाय. दोरा आत गेला की अंगठ्याने हलकेच दाबते, जणू त्याला दुखेल. मी वर्तमानपत्राआडून तीन वेळा बघितलं. तिला कळलं असणार. चौथ्या वेळी तिने दोरा मुद्दाम सावकाश ओवला, असं वाटलं.

१२ मार्च

सातही झाली. तशीच बोटं काढली, घट्ट्यासकट.

१४ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

ताई संध्याकाळी सहाला येणार होती. खारीला घरी ठेवायचं माझ्या मनात नव्हतं म्हणून स्टुडिओत घेऊन गेलो. तिची पिशवी आदल्या दिवशीच भरली होती. हिनेच भरली. कपड्यांना इस्त्री करून.

टोपीबाईंनी खारीला सगळ्यांत पुढे बसवलं आणि माझी चाचणी चालवली. हात वर गेला. आकडा चमकला. खारीने खुर्चीची कड पकडली, मग पटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले. हात खाली आला. मुलीची बट उचलली, कानामागे नेली, आकडा खोवला, आणि अंगठ्याने वरून हलकेच दाबलं. पाखरू काही झालं नाही. तुतारीवाल्याच्या तुतारीतून नुसती फुस्स हवा निघाली.

चष्मे आणि बाकीचे हसले. खार हसली नाही. “परत लावा,” म्हणाली.

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा पडद्याजवळ गेली आणि बोटाने दाखवलं.

“बाबा, हे त्यांचे हात आहेत.”

तिने टोपीबाईंना विचारलं, “मग ती पाखरू का झाली नाही?”

“आकडा टोचून कोणी पाखरू होत नाही ग. मी तुझ्याएवढी असताना स्वतःला टोचून बघितलाय.”

“मग?”

“मग काय. टेंगूळ आलं, आणि आईने वर धपाटा दिला.”

आता मात्र खार हसली. हातही डोक्यावरून खाली आले. खुर्चीत येऊन बसली, पाय हलवत राहिली, आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, “बाबा, केस मी कापले.”

“काय?”

“गुंता निघेना. शाळेत सगळे घरटं म्हणतात. त्यांची कात्री घेतली आणि इथे कापलं.” डाव्या कानाला हात लावला. “मग खूपच गेले, म्हणून रडू आलं. त्या आतून आल्या. मला वाटलं आता ओरडतील, कात्री घेतली म्हणून. त्या म्हणाल्या, बस, निदान सारखे करू. मी डोळे मिटून बसले होते. काही झालं नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, तू गप्प.”

टोपीबाई उठून बाहेर गेल्या. चष्म्यांना अचानक पेन्सिलला टोक काढायचं होतं.

घरी परतताना मी खारीचा हात धरला होता, पण कोण कोणाला नेत होतं सांगता येत नाही. मी दारात उभा राहून पाहिलं होतं: कात्री, केस, रडणं. दुसरं काय समजायचं माणसाने? असं म्हणत म्हणत जिना चढलो. आणि मग म्हणवेना.

ही मशीनवर होती. मी खारीच्या देखतच म्हटलं, “चुकलो.”

हिने मशीन थांबवलं. “कात्रीची धार गेलीय,” म्हणाली. “उद्या तुम्हीच घेऊन जा धारेला.”

“नेतो.”

“आणि ते पोटच्याचं बोललात, ते विसरायला मी वेळ घेणार आहे. घाई करायची नाही.”

“नाही करत.”

तेवढ्यात ताई आली, धापा टाकत. “झाली का तयारी? कुठाय पिशवी?” मी सगळं सांगितलं. ताईने पदराने वारा घेतला.

“म्हणजे दोन गाड्या बदलून मी आले ती कशाला, चहा प्यायला?”

“वन्सं, साखर किती घालू?” ही आतून म्हणाली.

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी फरशी मोजायला लागलो. मग ती खारीला म्हणाली, “चल ग. तू सांग. येतेस ना आत्याकडे?”

खारीने पिशवी उचलली. मी दारातून बाजूला झालो. पण ती पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, “सुट्टीत येईन, आत्या! आठ दिवस!”

“पंधरा,” ताई म्हणाली.

“दहा!”

ताई दोन चमचे साखरेचा चहा प्यायली, आणि जाताना हिला म्हणाली, “माझ्या ब्लाउजची बाही जरा सैल करून देशील?” मोजमाप दारातच झालं.

१६ मार्च

धारवाला म्हणाला, हिच्याने केस कापले का? असली कात्री अशाने मरते. म्हटलं, हो. आठवड्याने मिळेल.

टोपीबाईंनी माझा प्रसंग मंजूर केला. सावत्र आई मुलीला विचारते, ‘आता दिसतंय का नीट?’, तेव्हा सगळे इतके हसले की पुढचं ऐकू आलं नाही. मी पुन्हा लक्ष देऊन पाहिलं. एका बाईने पोरीचे केस सारखे केले. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही. तसं बोलून दाखवलं, तर आणखी हसले. देव यांना सद्बुद्धी देवो.

उद्यापासून पोपटाची सर्दी. तो शिंकला की राक्षसही सोबत शिंकतो. मधली एकोणीस चित्रं.

२३ मार्च

वाईट वाटलं, म्हणून लिहितो.

खार अजून हिला कोणत्या नावाने हाक मारत नाही. पण काल तिची फणी हिच्या मशीनशेजारी पडलेली दिसली. मी उचलून जागेवर ठेवायला गेलो, तर खार म्हणाली, “असू दे तिथे.” पसारा करायची सवय लागते आहे. बोललो नाही.

आज सकाळी हिने नेहमीप्रमाणे दुधाचा पेला ठेवला. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. खारीने पेला उचलला आणि सरळ तोंडाला लावला. माझ्याकडे बघितलंदेखील नाही. गटागटा प्यायली.

“अग, माझा घोट?” मी म्हटलं.

“कशाला?” ती म्हणाली. ओठांवर पांढरी मिशी. दप्तर उचललं आणि निघाली.

मी हिच्याकडे पाहिलं, तर ही ओट्याकडे तोंड करून उभी, हातातलं फडकं डोळ्यांना लावलेलं. म्हटलं, “काय झालं ग?” तर म्हणाली, “काही नाही. तुम्ही चहा घ्या.”

इतक्या महिन्यांची सवय एका सकाळीत मोडली. पोरी मोठ्या होत जातात, बापाची आठवण राहत नाही, हे कळतं. पण नवव्या वर्षीच? तो सिनेमा तिला दाखवायलाच नको होता. उद्या टोपीबाईंना हे सांगणार आहे.

संध्याकाळी आठवणीने कात्री आणायची.